पोलादातला हायड्रोजन: शनिवारी आवळलेला बोल्ट सोमवारी का तुटतो?

शनिवारी संध्याकाळी मी सहा सॉकेट-हेड बोल्ट आवळले. सोमवारी सकाळी त्यातल्या दोघांची डोकी मशिनखाली जमिनीवर पडलेली होती. मधल्या वेळात मशिन बंद होतं आणि कुणी तिथे फिरकलंही नव्हतं. बोल्ट एम-१२ (म्हणजे १२ मिमी व्यासाचे), ग्रेड १२.९ (म्हणजे फार उच्च ताकदीचे), नुकतेच जस्ताचं प्लेटिंग होऊन आलेले. टॉर्क तक्त्यातला.

पहिला ठपका अर्थातच माझ्यावर आला: "जास्त आवळलास." पण जास्त आवळलेला बोल्ट हातातच तुटतो, आणि तुटण्याआधी ताणला जाऊन एका जागी बारीक होतो. इथे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. तुटलेली बाजू सपाट, करडी, उजेडात फिरवली की साखरेच्या दाण्यांसारखी चमचमणारी. पोलादात हायड्रोजन शिरला असेल तर ते असंच तुटतं: काम चालू असताना गप्प, आणि सगळे घरी गेल्यावर.

हा लेख अशा तुटण्याबद्दल आहे. प्लेटिंग करून घेणारे, वेल्डिंग करणारे, स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट वापरणारे यांच्या उपयोगाचं त्यात जास्त आहे. वाचताना घड्याळ डोळ्यांसमोर ठेवा. हायड्रोजन मिनिटांत आत शिरतो, बाहेर पडायला तास किंवा महिने घेतो आणि तडा जायला दिवस लागतात. या तिन्ही वेळांचा मेळ घालता आला की अर्धं काम झालं.

पायरी १: तो आत शिरतो कसा, हे समजून घ्या

ही गोष्ट नवी नाही. १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणं मांडली. लोखंडी किंवा पोलादी तार थोडा वेळ ॲसिडमध्ये बुडवली की एरवी सहज वाकणारी तार कडकन मोडायची. मोडलेलं टोक ओलं केलं की तिथून बारीक बुडबुड्यांचा फेस यायचा. तीच तार काही दिवस पडू दिली की पुन्हा वाकू लागायची, आणि गरम केली तर आणखी लवकर. रोग, कारण आणि उपाय, तिन्ही या एका निरीक्षणात आहेत. आपण त्यात मुख्यतः आकडे घातले.

हायड्रोजन वायू म्हणजे दोन अणूंची जोडी. ही जोडी पोलादात शिरत नाही, शिरतो तो सुटा अणू. ॲसिडमध्ये किंवा प्लेटिंगच्या टाकीत पोलादाच्या पृष्ठभागावर असे सुटे अणू तयार होत असतात. त्यातले बहुतेक जोड्या जमवून बुडबुडे होऊन निघून जातात, थोडे मात्र जोडी जमायच्या आतच खाली घसरतात. पृष्ठभागावर गंधक, आर्सेनिक किंवा अँटिमनीची संयुगं असली की जोडी जमणं अवघड होतं आणि आत शिरणारा वाटा वाढतो. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या तेल-वायूच्या नळ्या इतक्या बदनाम आहेत त्या यामुळेच.

आत गेल्यावर काय होतं? साध्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसलेले असतात. या रचनेतल्या फटी लहान असल्या तरी एकमेकींना अगदी लागून आहेत, त्यामुळे हायड्रोजनला एका फटीतून दुसरीत उडी मारायला फारशी ऊर्जा लागत नाही. शुद्ध, नरम लोखंडात तो एका सेकंदात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं आणि तासाभरात आठ-नऊ मिलिमीटर अंतर कापतो (तो भटकत जातो, म्हणून अंतर वेळेच्या प्रमाणात वाढत नाही), तेही खोलीच्या तापमानाला. त्याच लोखंडात त्याच तापमानाला कार्बनचा अणू जवळजवळ जागचा हलत नाही. विसरणाच्या, म्हणजे अणू पसरत जाण्याच्या, गुणांकांची तुलना केली तर हायड्रोजन कार्बनपेक्षा लाख कोटी पटींनी वेगवान ठरतो. घन पदार्थातून वायू गेल्यासारखं वाटावं, असा हा प्रकार आहे.

खऱ्या पोलादात मात्र वाटेत सापळे असतात. स्फटिकांच्या रांगांमधले दोष म्हणजे डिसलोकेशन, कणांच्या सीमा, कार्बाइडांचे कडे, गंधकयुक्त मळीचे लांबुळके धागे, रिकाम्या राहिलेल्या अणूंच्या जागा. या ठिकाणी हायड्रोजनला जास्त निवांत वाटतं आणि तो अडकून बसतो. काही सापळे उथळ असतात, थोड्या उष्णतेने तो सुटतो. टायटॅनियम कार्बाइडसारखे खोल सापळे त्याला जवळजवळ कायमचे धरून ठेवतात, आणि हे खरं तर फायद्याचं असतं. एका जागी कायम अडकलेला हायड्रोजन फारसं नुकसान करत नाही. भटकणारा करतो. पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादात सापळ्यांची गर्दी इतकी असते की हायड्रोजनचा वेग शुद्ध लोखंडाच्या शंभराव्या, कधी हजाराव्या हिश्श्यावर येतो.

आणखी एक गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. हायड्रोजन ताणाकडे ओढला जातो. जिथे पोलाद खेचलं गेलंय तिथे फटी किंचित रुंदावतात, आणि आजूबाजूचा हायड्रोजन हळूहळू तिकडे जमा होतो. आट्याचा तळ, डोक्याखालची गोलाई, आधीच असलेली बारीक भेग, ही त्याची आवडती ठिकाणं. वजनाने दहा लाखांत एक भाग हायड्रोजन म्हणजे लोखंडाच्या सुमारे १८,००० अणूंमागे एक अणू. ऐकायला हे नगण्य वाटतं, पण सरासरीने बोल्ट तुटत नाही. तो तुटतो आट्याच्या तळाशी जमलेल्या गर्दीने. ती जमायला वेळ लागतो, म्हणून शनिवार आणि सोमवार.

जमलेला हायड्रोजन नेमकं काय करतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. एक पक्ष म्हणतो की तो अणूंमधले बंध सैल करतो. दुसरा म्हणतो की तो डिसलोकेशनांची हालचाल सोपी करतो, त्यामुळे सगळी विकृती एका चिमूटभर जागेत एकवटते आणि तिथे फाटतं. मला वाटतं, वेगवेगळ्या पोलादांत दोन्ही कमीजास्त प्रमाणात होत असावं. कार्यशाळेत या वादाने काही अडत नाही. हायड्रोजन, ताण आणि त्याला बळी पडणारं पोलाद, तिन्ही एकत्र आले तरच तडा जातो. तिघांपैकी एक काढा, प्रश्न मिटतो.

पायरी २: तुमचं पोलाद धोक्यात आहे का?

इथे कठीणपणा बघायचा. एचआरसी (रॉकवेल सी) आणि विकर्स ही कठीणपणाची मापं. साधारण ३२ एचआरसीखालच्या पोलादाला प्लेटिंगमधल्या हायड्रोजनची फारशी भीती नाही. ३९० विकर्सच्या, म्हणजे अंदाजे ४० एचआरसीच्या वर खरी भीती सुरू होते आणि पुढे झपाट्याने वाढते. ग्रेड ८.८ बिनधास्त, १०.९ बहुधा ठीक, १२.९ सांभाळून. स्प्रिंगा, सर्क्लिप, स्प्रिंग वॉशर आणि पृष्ठभाग कठीण केलेले सेल्फ-टॅपिंग स्क्रू यांना कायम संशयितांच्या यादीत ठेवा.

ओल्या हायड्रोजन सल्फाइडच्या संपर्कात हीच रेषा २२ एचआरसीपर्यंत खाली येते. हायड्रोजन भरायच्या पोलादी सिलिंडरांसाठी ताण-ताकद ९५० मेगापास्कलच्या आत ठेवण्याची प्रथा आहे, तीही याच कारणाने. जास्त ताकदीचं पोलाद म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत इथे उलटी पडते.

पायरी ३: आत येण्याच्या वाटा कमी करा

गंज काढायला ॲसिड वापरत असाल तर आधी विचारा, ते खरंच हवंय का? कठीण पोलादाला शॉट ब्लास्टिंग किंवा वाळूचा मारा बरा. ॲसिड टाळता येत नसेल तर वेळ कमीत कमी ठेवा. ॲसिडमध्ये इनहिबिटर, म्हणजे झीज रोखणारं रसायन, घातलं की लोखंड कमी झिजतं हे खरं, पण हायड्रोजनही कमीच शिरेल असं नाही. प्रत्येक इनहिबिटर दोन्ही कामं करत नाही.

प्लेटिंगच्या आधी विजेने तेलकटपणा काढतात, तिथे ध्रुव कोणता आहे ते बघा. माल ऋण ध्रुवाला लावला तर त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो, धन ध्रुवाला लावला तर ऑक्सिजन. कठीण माल धन ध्रुवालाच. ही एक ओळ कामाच्या ऑर्डरवर लिहून द्यायला काही खर्च येत नाही, आणि तरी ती फार थोडे लोक लिहितात.

शक्य असेल तर विजेवरचं प्लेटिंगच टाळा. जस्ताच्या पापुद्र्यांचा रंगासारखा लेप किंवा यांत्रिक प्लेटिंग यात हायड्रोजनचा प्रश्न खूप कमी होतो. मात्र लेपाच्या आधीची ॲसिडची धुलाई तशीच ठेवली तर वेगळा लेप निवडून हाती काहीच लागत नाही.

बाहेरून येणारा हायड्रोजनही विसरू नका. सॅन फ्रान्सिस्को-ओकलँड बे ब्रिजच्या नव्या पुलात २००८ मध्ये बनलेले, गॅल्व्हनाइझ केलेले जाडजूड अँकर रॉड खांबातल्या भोकांमध्ये बसवले होते. मार्च २०१३ मध्ये त्यांना ताण दिला, आणि दोन आठवड्यांच्या आत ९६ पैकी ३२ तुटले. त्या भोकांत पाणी साचून राहिलं होतं. ताकद जास्त, ताण जास्त, वर ओलावा आणि जस्त यांची जोडी.

पायरी ४: बेकिंग, आणि त्यामागचा हिशेब

शिरलेला हायड्रोजन बाहेर काढायचा उपाय म्हणजे माल १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास भाजणं. सगळे याला बेकिंगच म्हणतात. किती तास, हे ठरवायला एक ढोबळ हिशेब पुरतो: त्रिज्येचा वर्ग भागिले विसरणाचा गुणांक. येणाऱ्या वेळेत हायड्रोजन जवळपास सगळा निघून गेलेला असतो.

माझा एम-१२ बोल्ट घ्या. त्रिज्या ६ मिमी, वर्ग ३६. शुद्ध लोखंडात गुणांक सेकंदाला ०.०१ चौरस मिमीच्या आसपास. भागाकार ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास. पण पाणी दिलेल्या पोलादात सापळ्यांमुळे खोलीच्या तापमानाला तो ०.००००१ इतका खाली येऊ शकतो. तेव्हा उत्तर येतं ३६ लाख सेकंद, म्हणजे जवळपास ४२ दिवस! आता २०० अंशांवर उथळ सापळे उघडतात. गुणांक ०.००१ धरला तर ३६,००० सेकंद, म्हणजे दहा तास. व्यास दुप्पट झाला तर वेळ चौपट: एम-२४ला चाळीस तास. हिशेब ढोबळ आहे, पण "चार तास भाजलंय, चालेल" असं कुणी म्हणालं की तो लगेच करून बघता येतो.

त्यात जस्ताचा थर वाट अडवतो. जस्तातून हायड्रोजन फार मुश्किलीने जातो, म्हणून प्लेटिंग झालेल्या मालाला उघड्या पोलादापेक्षा जास्त वेळ लागतो. १२.९च्या मालाला मी चोवीस तासांच्या खाली तयार होत नाही.

आता तपशील, कारण बेकिंग बिघडतं ते तपशिलात:

प्लेटिंगच्या टाकीतून माल निघाल्यापासून भट्टीत जाईपर्यंत चार तासांच्या वर जाऊ देऊ नका, तासाभरात गेला तर उत्तम. या मधल्या वेळातही हायड्रोजन आत भटकत असतो, आणि माल कठीण असेल तर उरलेल्या अंतर्गत ताणानेही बारीक तडा पडू शकतो. तडा एकदा पडला की भट्टी तो सांधत नाही.

क्रोमेट पॅसिव्हेशन, म्हणजे जस्तावर दिला जाणारा संरक्षक थर, बेकिंगनंतर करायचं, आधी नाही. तो पिवळसर किंवा निळसर थर २०० अंशांवर टिकत नाही. माल पॅसिव्हेट होऊन आला आणि "बेकिंग केलंय" असं सांगितलं, तर कोणतं काम आधी केलं ते नक्की विचारा.

वेळ मोजायला सुरुवात माल तापल्यावर करायची, भट्टीचा काटा २०० वर गेल्यावर नाही. जाळीच्या टोपलीत गच्च भरलेल्या बोल्टांच्या मधोमध असलेला बोल्ट तासभर मागे असतो. तिथे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवा.

आणि भट्टीचं तापमान त्या मालाच्या टेम्परिंगच्या, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलं त्या, तापमानाखाली हवं. पृष्ठभाग कठीण केलेले भाग कमी तापमानाला टेम्पर केलेले असतात, त्यांना कमी उष्णता आणि जास्त वेळ द्यावा लागतो.

पायरी ५: लॉट तपासा, पण घाईने नाही

ताण-चाचणीचं प्रमाणपत्र इथे काहीच सांगत नाही. त्या चाचणीत बोल्ट मिनिटा-दोन मिनिटांत खेचून तोडतात. तेवढ्या वेळात हायड्रोजन आट्याच्या तळापर्यंत जमा होतच नाही, म्हणून आजारी बोल्टही चांगला आकडा देतो. माझ्या बोल्टांसोबत आलेलं प्रमाणपत्र अगदी निर्मळ होतं.

करायची ती सावकाश चाचणी. जाड, समांतर बाजूंची पोलादी पट्टी घ्या, भोकं पाडा, लॉटमधले नमुन्याचे बोल्ट त्यात घालून ते ताणून लांबू लागण्याच्या बेतापर्यंत आवळा आणि किमान ४८ तास तसेच सोडा. मग पुन्हा तेवढाच टॉर्क देऊन बघा, सोडवा, आणि डोक्याखाली व पहिल्या आट्यात भिंगाने भेग शोधा. पट्टीवर जाड झाकण ठेवायला विसरू नका. तुटलेलं डोकं बंदुकीच्या गोळीसारखं उडतं, आणि ते कधी उडेल ते सांगता येत नाही.

पायरी ६: वेल्डिंगमध्ये

आर्कच्या उष्णतेत पाण्याचे रेणू फुटतात आणि सुटा हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो. वितळलेलं लोखंड भरपूर हायड्रोजन धरतं, थंड लोखंड जवळपास नाही. उरलेला जातो कुठे? वेल्डचा धातू आधी रूप बदलतो आणि शेजारचा तापलेला पट्टा नंतर, म्हणून हायड्रोजन त्या शेजारच्या पट्ट्यात ढकलला जातो. तोच पट्टा झपाट्याने थंड होऊन कठीण झालेला असतो. तडा वेल्डमध्ये न जाता त्याच्या काठाखाली जातो, आणि वरून काही दिसत नाही.

म्हणून ७०१८सारखे लो-हायड्रोजन (कमी हायड्रोजन सोडणारे) वेल्डिंग रॉड ३०० ते ३५० अंशांना तास-दोन तास भाजून, नंतर सव्वाशे अंशांच्या आसपासच्या पेटीत ठेवून, लागतील तसे काढायचे. सकाळी पुडा फोडून दिवसभर बाकावर ठेवलेला रॉड लो-हायड्रोजन राहत नाही. सांध्यावरचा गंज, ग्रीस, रंग, ओल आधी काढा. गंजातही पाणी असतं, हे लोक विसरतात.

प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगआधी सांधा किती तापवायचा, हे कार्बन इक्विव्हॅलंटवरून (पोलादातल्या घटकांच्या टक्केवारीतून काढलेल्या एका आकड्यावरून) ठरतं: कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा, अधिक निकेल-तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा. आकडा आणि जाडी वाढली की प्रीहीट वाढवायचं. प्रीहीटने फक्त ओल जाते असं नाही. सांधा सावकाश थंड होतो, कठीणपणा कमी राहतो आणि हायड्रोजनला पळायला वेळ मिळतो. जाड कामात वेल्डिंग संपल्यावर सांधा थंड होऊ न देता २०० ते ३०० अंशांवर काही तास धरून ठेवा.

तपासणी ४८ तासांनी. वेल्ड संपल्या संपल्या केलेली अल्ट्रासोनिक चाचणी फक्त तोवर पडलेले तडे दाखवते.

जाता जाता: तापलेल्या पोलादातला हायड्रोजन

आतापर्यंतचं सगळं साध्या तापमानाचं. दोन-तीनशे अंशांच्या वर, दाबाखालच्या वायूत, खेळ वेगळा असतो. तिथे हायड्रोजन पोलादातल्या कार्बाइडशी संयोग पावून मिथेन करतो. मिथेनचा रेणू मोठा असतो, बाहेर पडू शकत नाही, आणि कणांच्या सीमा आतून फुगवून फाडतो. हे नुकसान भाजून भरून निघत नाही.

अमोनिया बनवताना कार्ल बॉश यांच्या पहिल्या पोलादी नळ्या सुमारे ८० तासांत फुटल्या, त्या याच कारणाने. १९११ मध्ये त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. आतून कार्बन जवळपास नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर, बाहेर दाब पेलणारं पोलाद, आणि त्या पोलादाला बारीक भोकं. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन भोकांतून हवेत निघून जायचा. त्याला अडवण्याचा नाद सोडून त्यांनी वाट करून दिली. आज क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद वापरतात आणि तापमान व दाबाच्या मर्यादा नेल्सन यांच्या वक्रांवरून, म्हणजे कोणतं पोलाद कुठवर सुरक्षित ते दाखवणाऱ्या आलेखांवरून, ठरवतात. त्या वक्रांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अनाकोर्टेसच्या रिफायनरीत कार्बन स्टीलचा हीट एक्स्चेंजर फुटून सात जण गेले. चौकशीत असं दिसलं की वक्राच्या सुरक्षित बाजूलाही पोलादाला तडे गेले होते.

पायरी ७: तुटलंच, तर तुकडा वाचा

दोन्ही अर्धे पुन्हा एकमेकांवर ठेवून बघायचा मोह होतो. ठेवू नका, पृष्ठभाग चिरडतो. वायर ब्रश नको, ॲसिड तर नकोच. ॲसिटोनने धुवा, कोरडं करा, स्वतंत्र पिशव्यांत ठेवा, आणि कोणता तुकडा कुठला ते लिहा.

मग दहापट भिंगाखाली धरा. शंखासारख्या एकात एक रेषा दिसल्या तर थकवा. कडेने तिरकी ओठासारखी किनार आणि बारीक झालेली कंबर दिसली तर जादा ताण. सपाट, दाणेदार, कंबर तशीच, सुरुवात आट्याच्या तळाशी किंवा डोक्याखाली, आणि तुटायला काही तास ते काही दिवस लागलेले, तर हायड्रोजनचा संशय पक्का. खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली होते. तिथे कण एकेक सुटे झालेले दिसतात, दगडी भिंतीतला चुना निघून जावा तसे. शेवटी उरलेला भाग मात्र साधाच फाटलेला असतो.

तुटलेल्या बोल्टाचे शेजारी कधीच परत वापरू नका, भाजूनसुद्धा नाही. माझ्या सहापैकी न तुटलेले चार मी सोडवले, धुतले आणि खिडकीपाशी भिंगाखाली फिरवले. दोन स्वच्छ होते. दोघांच्या पहिल्या आट्यात, तळाशी, केसाएवढी काळी रेघ होती, एकाची जवळजवळ अर्ध्या परिघापर्यंत गेलेली.